भाड्याने द्यायच्या फ्लॅटचं बजेट: आधी भाडं मोजा, मग लादी निवडा

ठाणे-नवी मुंबईत फ्लॅट भाड्याने द्यायचा ठरला की बहुतेक जण थेट लादीच्या दुकानात जातात. तिथे किचनचा नमुना पसंत पडतो. मग कंत्राटदार घर बघून "साडेतीन लाखांत चकाचक करून देतो" म्हणतो आणि तिसऱ्या दिवशी तोडफोड सुरू होते. काम संपेपर्यंत पाच लाख गेलेले असतात, घर दोन-अडीच महिने रिकामं पडलेलं असतं आणि भाडं वाढतं ते दीड-दोन हजारांनी. स्वतः राहायच्या घरात आवडीला किंमत आहे. भाड्याच्या घरात बजेटची वरची मर्यादा भाडंच ठरवतं. म्हणून पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा आणि सहावा टप्पा पुरा होईपर्यंत कोणालाही ॲडव्हान्स देऊ नका.

१. इमारत अजून किती वर्षं उभी राहणार, ते आधी पाहा

नौपाडा, पाचपाखाडी, चरई किंवा वाशी, सानपाडा, नेरूळ इथल्या जुन्या इमारतींत हा पहिला प्रश्न. सोसायटीच्या मागच्या दोन-तीन वार्षिक सभांची इतिवृत्तं मागून वाचा. पुनर्विकासाचा ठराव झालाय का? विकासक नेमलाय का? तीस वर्षांपुढच्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे. ते झालं असेल तर अहवालात आपल्या विंगबद्दल काय लिहिलंय तेही बघा.

विकासक नेमला गेला असेल तर गळती बंद करा, वायरिंग सुरक्षित करा, रंग मारा आणि थांबा. नुसतीच चर्चा असेल (ती बऱ्याच सोसायट्यांत दहा-दहा वर्षं चालते) तर तीन वर्षांचा हिशोब धरून पुढे जायला हरकत नाही.

घोडबंदर रोड, खारघर, उलवे इथल्या नव्या इमारतीत प्रश्न उलटा आहे. रेरा (घरखरेदीदारांच्या संरक्षणाचा) कायद्यानुसार ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो.

सावधान: बाथरूम गळत असेल तर आधी बिल्डरला फोटोंसह लेखी तक्रार द्या. तुम्ही स्वतः लादी फोडलीत की "गळती तुमच्या कामामुळे झाली" म्हणायला तो मोकळा.

२. एजंटकडून भाड्याचे दोन आकडे घ्या

त्याच सेक्टरमध्ये किंवा त्याच रस्त्यावर काम करणाऱ्या दोन एजंटांना वेगवेगळं गाठा. दोघांना तेच विचारा. घर आज आहे तसं दिलं तर किती? बाथरूम-किचन नवं आणि रंग ताजा असेल तर किती? आणि दोन्ही वेळा घर किती दिवस रिकामं राहील? हा तिसरा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही, पण कित्येकदा दुरुस्तीचा खरा फायदा तिथेच असतो. भाडं फार वाढत नाही, पण घर दोन महिन्यांऐवजी दहा दिवसांत जातं.

भाडेकरू कोण असेल तेही याच वेळी कळतं. ऐरोली, घणसोली, महापे इथे आयटीवाले. नेरूळला विद्यार्थी. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात उपचार घेणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक थोड्या महिन्यांसाठी घर शोधतात. ठाण्यात वसंत विहार, मानपाड्याकडे शाळा बघून येणारी कुटुंबं. मिळून राहणाऱ्या तीन नोकरदार मुलींना दोन-तीन कपाटं, चांगला गीझर आणि लॅपटॉपजवळ प्लग लागतात. मॉड्युलर ट्रॉल्यांचं त्यांना कौतुक नसतं. कुटुंब मात्र आधी ओटा बघतं आणि वॉशिंग मशीनला जागा कुठे ते विचारतं.

तपासा: दोन आकड्यांतला फरक महिना हजार-दीड हजाराचाच असेल तर मोठं नूतनीकरण विसरा. डागडुजी आणि रंग पुरे.

३. घराची पाहणी

रिकाम्या घरात, दिवसा, टॉर्च आणि एक नाणं घेऊन जा. नाण्याने लादी ठोकत फिरा. जिथे पोकळ आवाज येतो तिथली लादी सुटलेली आहे. सगळे नळ एकदम सोडा आणि नहाणी ट्रॅपमधून पाणी किती वेगाने जातं ते पाहा. जुन्या घरांत भिंतीतले पाइप लोखंडी जीआय असतात आणि आतून गंजून बारीक झालेले असतात. नळाची धार करंगळीएवढी असेल आणि घर गच्चीवरच्या टाकीपासून बरंच खाली असेल, तर पाइप बदलायचा खर्च धरूनच चला. मीटरवरचा मंजूर भार वीजबिलावर छापलेला असतो. दोन एसी आणि गीझर लावायचे असतील आणि भार जुन्या काळचा असेल, तर महावितरणकडे वाढीचा अर्ज करावा लागतो.

मग खालच्या मजल्यावर जा. त्यांच्या बाथरूमचं छत बघितल्याशिवाय तुमचं बजेट बांधताच येत नाही. तिथे डाग असेल तर काम तुमचं. घरातल्या संडास, बाथरूम, सिंकची गळती सभासदाने स्वखर्चाने काढायची असते. पावसाचं पाणी बाहेरच्या भिंतीतून येत असेल किंवा सामाईक पाइप गळत असेल तर ती जबाबदारी सोसायटीची. ओल कुठून येते हे ठरेपर्यंत त्या भिंतीला पुट्टी लावू नका. बाहेरून दुरुस्ती झाली नाही तर पहिल्या जुलैत रंगाचे पापुद्रे निघतात.

तपासा: खालच्या आणि शेजारच्या घरांच्या भिंतींचे, छतांचे तारखेसह फोटो काढून ठेवा. काम सुरू झाल्यावर "ही चीर तुमच्या तोडफोडीने पडली" असा वाद आला की हेच उपयोगी पडतात.

४. तीन याद्या करा

पहिली यादी: करावंच लागेल. गळती, वॉटरप्रूफिंग, गंजलेले पाइप, जुनी वायरिंग, कुजलेला दरवाजा, निसटणारी ग्रिल.

दुसरी यादी: भाडं वाढवेल किंवा घर लवकर घालवेल. ओटा, बाथरूमच्या टाइल्स, मच्छरजाळीच्या सरकत्या खिडक्या, कपाट, रंग.

तिसरी यादी: मला आवडेल. फॉल्स सीलिंग, टीव्हीमागचं पॅनेल, लपवलेले दिवे. ही यादी मनापासून लिहा आणि बाजूला ठेवा. त्यातलं काहीही करू नका.

गोंधळ होतो तो दुसऱ्या यादीत, कारण तिथे वस्तूंची निवड करावी लागते. माझी कसोटी सोपी आहे: कोपऱ्यावरच्या प्लंबरला किंवा सुताराला भिंत न फोडता तासाभरात जे दुरुस्त करता येईल, तेच भाड्याच्या घरात बसवायचं. म्हणून भिंतीत लपवलेली फ्लश टाकी नको, बाहेर दिसणारी साधी टाकी घ्या. गरम-गार पाण्यासाठी भिंतीत लपवलेल्या डायव्हर्टरपेक्षा भिंतीवरचा वॉल मिक्सर बरा. घोडबंदर रोडवर टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने नळ-शॉवर क्षाराने धरतात. तिथे महागडा नळ लावण्यात अर्थ नाही.

ओट्याखाली ट्रॉल्यांऐवजी कडप्प्याचे कप्पे आणि बाहेरून शटर करा. कडप्पा पाण्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही आणि पुढच्या भाडेकरूला तो धुऊन देता येतो. शटरला सनमायका फिकट घ्या. प्लाय लावायचाच तर सिंकखाली आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचं मानक) छाप असलेलाच. जमिनीला मॅट फिनिशची, फार पांढरी नसलेली लादी, आणि दोन पेट्या जास्तीच्या. पाच वर्षांनी एक लादी फुटली तर त्या छटेची दुसरी मिळत नाही.

पैसे वाचवायचे नाहीत ते वायरिंगमध्ये. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटरची, प्लगला अडीचची, गीझर-एसीला चारची वायर आणि ३० मिलिअँपचा ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच). घरात कोण, कशी उपकरणं लावणार ते तुमच्या हातात नसतं. शॉक बसला तर प्रश्न मात्र तुम्हालाच विचारले जातील.

आधी स्वतः दोन-तीन वर्षं राहून मग घर भाड्याने देणार असाल, तर पहिली यादी आत्ता करा आणि दुसरीतलं ओटा-टाइल्सचं कामही आत्ताच उरका. रंग, गीझर, कपाटाची शटर यांचे पैसे मात्र वेगळ्या ठेवीत टाका. ते काम ताबा देण्याच्या आदल्या महिन्याचं आहे.

५. आकडा बांधा

पहिल्या यादीला मर्यादा नाही, तिला जो खर्च येईल तो येईल. तोच झेपत नसेल तर कर्जाचा विचार करा, पण ते काम टाळू नका. भाड्याने दिलेल्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाचं व्याज भाड्याच्या उत्पन्नातून वजा करता येतं.

दुसऱ्या यादीची मर्यादा: तीन वर्षांत जास्तीचं जेवढं भाडं मिळेल तेवढी. वर्ष बारा महिन्यांचं धरायचं नाही, अकराचं धरायचं, कारण भाडेकरू बदलताना घर रिकामं राहतंच.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त पद्धत कळावी म्हणून, बाजारभाव म्हणून नव्हे. नेरूळमधला जुना वन बीएचके. आहे तसा दिला तर २०,००० रुपये, नीट केला तर २४,०००. फरक ४,०००. तीन वर्षांचे ३३ महिने, म्हणजे १,३२,००० ही दुसऱ्या यादीची मर्यादा. पहिल्या यादीचा खर्च समजा १,६०,०००. मिळून २,९२,०००. जुन्या घरात लादी उचलल्याशिवाय खाली काय आहे ते कळत नाही, म्हणून १५ टक्के राखीव, साधारण ४४,०००. नव्या घरात १० टक्के पुरतात. झाले ३,३६,०००.

बहुतेक जण इथे थांबतात. आता यात भिंतीबाहेरचा खर्च मिळवा: कामाच्या दोन महिन्यांचं बुडालेलं भाडं ४०,०००, त्या काळातला मेंटेनन्स समजा ६,०००, एजंटची एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली २४,०००. एकूण ४,०६,०००. तीन लाखांचं वाटणारं काम चार लाखांचं आहे हे तोडफोडीआधी कळलेलं बरं. सोसायटीची अनामत यात नाही. ती परत मिळते, पण तेवढी रक्कम अडकून पडते.

सावधान: भाड्याच्या उत्पन्नावर पालिकेचा मालमत्ता कर वजा करून उरलेल्या रकमेतून ३० टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीला चार लाख लागले म्हणून वेगळी वजावट मिळत नाही. "टॅक्समध्ये सुटेल" हे गृहीत धरून बजेट वाढवू नका. पण घरात भर घालणाऱ्या कामाची बिलं जपा. पुढे फ्लॅट विकताना भांडवली नफा काढायला ती लागतात.

६. मोजमाप तुमचं, कोटेशन त्यांचं

टेप घेऊन स्वतः मोजा. कंत्राटदाराला करारातला बिल्टअप (भिंती धरून) आकडा कधीच सांगू नका, कार्पेट (भिंतींच्या आतलं) मोजून द्या.

बाथरूम ४ बाय ६ फुटांचं असेल तर भिंतींचा घेर २० फूट. सात फुटांपर्यंत टाइल म्हणजे १४० चौरस फूट. अडीच बाय सातचा दरवाजा वजा करा, उरले साधारण १२२. जमीन २४. एकूण १४६, त्यावर तुटफुटीचे १० टक्के, म्हणजे १६० च्या आसपास. कोटेशनमध्ये २२० दिसलं तर कारण विचारा. रंगाचंही तसंच. १० बाय १२ ची, ९ फूट उंच खोली म्हणजे भिंती ३९६ आणि छत १२०, मिळून ५१६ चौरस फूट. दार-खिडक्या वजा करणार की नाही, ते आधीच ठरवा.

एकच छापील यादी तीन जणांना द्या. लादी चौरस फुटावर, ओटा आणि स्कर्टिंग रनिंग फुटावर, प्लंबिंग-इलेक्ट्रिक पॉइंटवर. "लमसम" कोटेशन आलं तर परत पाठवा. मग या जागा बारकाईने वाचा:

- लादीचा बेसिक दर किती धरलाय? कोटेशनमध्ये ४५ रुपये फूट धरलेले असतात, दुकानात तुम्हाला ७५ ची आवडते आणि फरक तुमच्या खिशातून जातो.
- रॅबिट (तोडफोडीचा राडारोडा) उचलून अधिकृत जागी टाकणं यात आहे का? खाडीकिनारी किंवा रस्त्याकडेला टाकलं तर पालिका दंड करते आणि विचारणा तुमच्या सोसायटीत येते.
- सिमेंट-रेती वर चढवण्याची मजुरी कोणाची? लिफ्ट वापरू देत नसतील तर चौथ्या मजल्यावर हा आकडा चांगलाच फुगतो.
- ग्रॅनाइटचं मोल्डिंग, सिंकचं कटिंग, जुनी लादी काढणं, शेवटची सफाई.
- जीएसटी धरून की वेगळा? १८ टक्के लावत असेल तर बिलावर त्याचा जीएसटी क्रमांक हवा. वर्षाला २० लाखांच्या आतली सेवा देणाऱ्या छोट्या कंत्राटदाराला नोंदणी लागत नाही, पण मग त्याला जीएसटी घेताही येत नाही. कसंही असो, सहीचं बिल घ्या आणि पैसे बँकेतून द्या.

सगळ्यात स्वस्त कोटेशनवाल्याला नाही म्हणायचं असं नाही. त्याने काय वगळलंय तेवढं शोधा.

७. सोसायटीची परवानगी आणि ऋतू

लेखी अर्ज, अनामत, कामाच्या वेळा, मजुरांचे ओळखपत्रांचे फोटो. कॉलम, बीम, बाहेरची भिंत यांना हात लावायचा नाही आणि बाथरूम-किचनची जागा हलवायची नाही. तुमचा नवा संडास खालच्यांच्या स्वयंपाकघरावर आला तर भांडण कोर्टापर्यंत जातं. महानगर गॅसची पाइपलाइन असेल आणि ओटा बदलणार असाल, तर पाइप हलवायचं काम कंपनीकडूनच करून घ्या.

वॉटरप्रूफिंग आणि रंग शक्यतो दिवाळीनंतर ते मे अखेर. पावसाळ्यात प्लास्टर वाळत नाही आणि घाईत मारलेला रंग धरत नाही. होळी, मे महिना आणि छठपूजेला सुतार-रंगारी गावाला जातात, हे वेळापत्रकात धरा. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी कुटुंबं घरं शोधतात. तो हंगाम पकडायचा असेल तर जानेवारी-फेब्रुवारीत काम सुरू झालेलं हवं.

८. कामाचा क्रम

तोडफोड आणि रॅबिट. मग भिंतीत झिऱ्या (खाचा) मारून पाण्याचे पाइप आणि वायरिंगच्या नळ्या. झिऱ्या बुजवण्याआधी पाइपमध्ये हातपंपाने दाब भरून रात्रभर ठेवायला सांगा. सकाळी काटा खाली आला असेल तर कुठेतरी जोड सुटलाय. मिस्त्री "काही होत नाही साहेब" म्हणेल. तरीही थांबा. याच वेळी प्रत्येक भिंतीचा टेप लावून फोटो काढा. पुढे कोणी भाडेकरू खिळा ठोकताना पाइप फोडायचा वाचतो.

नंतर बाथरूमचं वॉटरप्रूफिंग. कोबा होऊन सुकला की ट्रॅप बंद करून पाणी भरा, किमान ४८ तास. खालच्या घरच्यांना आधी सांगून ठेवा आणि दोन्ही दिवस त्यांचं छत बघून या.

तपासा: छत कोरडं असेल तरच टाइल्स. ही चाचणी चुकवून वाचलेले दोन दिवस पुढे टाइल्स फोडून भरावे लागतात.

मग टाइल्स, ओटा, खिडक्या, सुतारकाम, पुट्टी-प्रायमर, रंगाचा पहिला हात, नळ-पंखे-बटणं आणि अगदी शेवटी रंगाचा दुसरा हात. रंग आधी उरकून मग सुतार आणला तर टचअपचे पैसे दुसऱ्यांदा जातात.

९. पैसे कामामागून

सुरुवातीला १५ टक्के, पाइप-वायरिंगच्या चाचणीनंतर २५, वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स झाल्यावर २५, सुतारकाम आणि रंगाच्या पहिल्या हातानंतर २५. शेवटचे १० टक्के घर वापरात येऊन महिना झाल्यावर. हे लिहून घ्या. मधे निघणारं प्रत्येक जास्तीचं काम दरासह मोबाइलवर लिहून पाठवायचं आणि "हो" आल्यावरच करायचं. राखीव रकमेतून गेलेला खर्च वेगळ्या रकान्यात मांडा. काम अर्ध्यावर असताना राखीव निम्म्याहून जास्त संपली असेल, तर दुसऱ्या यादीतून काहीतरी वगळायची वेळ आली.

१०. भाडेकरू येण्याआधी

लिव्ह अँड लायसन्स करार (नेहमीचा भाडेकरार) लेखी आणि नोंदणीकृत असणं सक्तीचं आहे आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर आहे. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामतीवरच्या वार्षिक १० टक्के मानीव व्याजावर ०.२५ टक्के, पालिका हद्दीत नोंदणी शुल्क १,००० रुपये. भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवा. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी बिनभोगवटा शुल्क लावेल, पण ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि पालिकेचे कर त्या हिशोबात धरत नाहीत. २००१ पासून हा शासन आदेश आहे. जास्त मागितलं तर तो दाखवा.

रिकाम्या घराचे सगळे फोटो, गीझर-पंख्यांचे नंबर, चाव्यांची संख्या आणि मीटरचं रीडिंग करारासोबत सहीने जोडा. एमसीबीवर कोणता स्विच कशाचा ते मराठी-हिंदीत चिकटवा. जास्तीच्या लाद्यांच्या पेट्या माळ्यावर ठेवल्यात तर भाडेकरूला दाखवून ठेवा, नाहीतर तो त्या भंगारवाल्याला देईल.